सोंड पोटाला का चिकटते? इम्प्लिसिट सरफेसने मॉडेलिंग करताना फील्डकडे कसं बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्राउझरमध्ये चालणारं एक मॉडेलिंग टूल लिहिलंय: मेटाबॉल (जवळ आले की एकमेकांत मिसळणारे गोळे) टाकायचे, माउसने ओढायचे आणि गुळगुळीत आकार घडवायचा. चाचणीसाठी बसलेला गणपती घेतलाय, साधारण दोनशे गोळ्यांचा. प्रत्येक गोळा आसपासच्या बिंदूंना एक किंमत देतो, हे त्याचं फील्ड. त्याचं सूत्र (१ − अ²/त²)³, म्हणजे 'अ' हे केंद्रापासूनचं अंतर आणि 'त' ही प्रभावाची त्रिज्या. सगळ्या गोळ्यांची बेरीज करायची आणि ती जिथे ०.५ होते तिथे पृष्ठभाग काढायचा. असा सूत्रातून निघणारा पृष्ठभाग म्हणजे इम्प्लिसिट सरफेस. १२८ × १२८ × १२८ बिंदूंची ग्रिड, आणि तिच्या घनांवरून पृष्ठभागाचे त्रिकोण काढायला मार्चिंग क्यूब्ज. अडचणी तीन. सोंड पोटाजवळ आणली की टेकायच्या आधीच चिकटते. खांदा, मान अशा जोडांवर आकार उगाच फुगतो. आणि ओढताना चित्र अडखळतं. शेवटी विचारलंय की हे सगळं सोडून सरळ मेशवर जावं का, म्हणजे थेट त्रिकोणांच्या जाळीवर काम करावं का.

सोडू नका. तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे आणि ते दुरुस्त करता येतं. आपल्याला स्क्रीनवर फक्त ०.५ चा पृष्ठभाग दिसतो, म्हणून आपण त्याच्याशीच झटापट करत बसतो. पण पृष्ठभागापासून लांब, जिथे काहीच दिसत नाही तिथे फील्ड कसं वागतं, यावर चिकटणं, फुगणं आणि अडखळणं ठरतं. हे ध्यानात ठेवलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून उत्तरही त्याच अंगाने देतो.

हा विषय सुरुवातीपासून याच वळणाने गेलाय. १९८२ मध्ये जिम ब्लिन यांनी रेणूंमधली इलेक्ट्रॉनांची घनता दाखवण्यासाठी हे तंत्र मांडलं, तेव्हा त्यांचं फील्ड गाऊसियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राचं, होतं. गाऊसियन दिसायला सुंदर, पण ते शून्य कुठेच होत नाही. प्रत्येक थेंबाचा प्रभाव थेट अनंतापर्यंत, म्हणून काटेकोरपणे बघायचं तर प्रत्येक बिंदूवर सगळे थेंब मोजायला हवेत. थोड्याच वर्षांत जपानमध्ये ओसाका विद्यापीठातल्या गटाने 'मेटाबॉल' आणले, आणि १९८६ मध्ये ब्रायन व जेफ वायविल हे बंधू आणि क्रेग मॅकफीटर्स यांनी 'सॉफ्ट ऑब्जेक्ट्स' मांडले. दोघांनीही केलेला बदल एकच: फील्ड ठरावीक त्रिज्येपलीकडे पूर्ण शून्य. तुम्ही वापरलेलं सूत्र त्याच घराण्यातलं आहे. ते चांगलं आहे, बदलू नका.

चांगलं का, याचं एक कारण क्वचितच सांगितलं जातं. या सूत्राचा उतार सर्वात तीव्र असतो तो ०.४४७ त इतक्या अंतरावर. आणि ०.५ चा पृष्ठभाग पडतो ०.४५४ त वर. म्हणजे पृष्ठभाग नेमका तिथे आहे जिथे फील्ड सर्वात झपाट्याने बदलतं. त्यामुळे ग्रिडच्या कडेवर पृष्ठभाग शोधताना उत्तर डळमळत नाही आणि ग्रेडियंटही (फील्ड कुठल्या दिशेला किती झपाट्याने बदलतं ते) भक्कम मिळतो. तुम्ही पातळी ०.५ ची ०.१ केलीत तर पृष्ठभाग फील्डच्या सपाट शेपटीवर जाईल, आणि किंचित हललं तरी तो भलतीकडे सरकेल. गोळा मोठा दिसायला हवा असेल तर 'त' वाढवा, पातळीला हात लावू नका.

आता चिकटणं आकड्यांत बघू. दिसणारी त्रिज्या १ सेंटीमीटर हवी असेल तर 'त' सुमारे २.२ सेंटीमीटर ठेवावा लागतो. असे दोन गोळे समोरासमोर आणा. मधोमध दोघांची किंमत प्रत्येकी ०.२५ झाली की बेरीज ०.५ होते आणि पूल तयार होतो. गणित केलं तर हे घडतं केंद्रं सुमारे २.६८ सेंटीमीटरवर असताना. दोन्ही दिसणाऱ्या त्रिज्या वजा करा: मध्ये अजून ०.६८ सेंटीमीटर मोकळी जागा असताना गोळे एक होतात. सोंडेची जाडी २ सेंटीमीटर असेल तर तिच्या एक तृतीयांश अंतरावरूनच ती पोटाला चिकटणार. सूत्र चोख काम करतंय, त्याला सांगितलेलं कामच ते आहे.

फुगणंही याच बेरजेतून येतं. दोन सारखे गोळे बरोबर एकावर एक ठेवा. आकार तोच राहायला हवा, पण फील्ड दुप्पट होतं आणि पृष्ठभाग ०.४५४ त वरून ०.६०८ त वर जातो. त्रिज्या ३४ टक्क्यांनी वाढली. खांद्यावर दंडाचे आणि धडाचे चार गोळे एकमेकांत घुसलेले असतात, तिथे हेच घडतं.

पहिली आणि सर्वात स्वस्त दुरुस्ती म्हणजे साधी बेरीज सोडून ए. रिची यांचं १९७३ चं सूत्र घेणं: दोन्ही किमतींचा 'न' वा घात करा, बेरीज करा आणि 'न' वं मूळ काढा. 'न' एक असेल तर ही साधी बेरीजच. 'न' वाढवत नेलात तर उत्तर दोघांतल्या मोठ्या किमतीकडे सरकतं, म्हणजे न मिसळणारा, कोरडा जोड. 'न' चार घेतला तर वरच्या उदाहरणातलं ०.६८ चं अंतर ०.२१ वर येतं आणि ३४ टक्क्यांचा फुगवटा १० टक्क्यांवर. एका स्लायडरवर एवढा फरक पडतो. वापरणाऱ्याला 'न' दाखवू नका, 'जोड किती मऊ' असा स्लायडर द्या. आणि हा स्लायडर अख्ख्या मॉडेलला एकच ठेवू नका, प्रत्येक जोडाला वेगळा द्या. त्यासाठी गोळ्यांची सपाट यादी मोडून झाड करावं लागेल: पानांवर मूळ आकार, फांद्यांवर ब्लेंड (मऊ जोड), छेद, वजाबाकी, वाकवणं, पिळणं. वायविल, गाय आणि गालाँ यांनी १९९९ मध्ये मांडलेला ब्लॉबट्री तो हाच.

पण तुमचा गणपती झाडालाही दाद देणार नाही, आणि म्हणूनच तो चाचणीला उत्तम आहे. सोंड चेहऱ्यात मऊपणे मिसळायला हवी. चेहरा मानेतून धडात आणि धड पोटात मऊपणे मिसळायला हवं. पण सोंड पोटावर नुसती टेकायला हवी, तिथे स्पष्ट खाच दिसायला हवी. झाडात चेहरा आणि सोंड एका फांदीवर एकत्र केलेत की त्यांचं एकच फील्ड होतं. ते पुढे पोटाशी मऊ जोडलंत की सोंडही सोबत जोडली जाणार. आधी धड-पोट-चेहरा करून सोंड शेवटी जोडलीत तरी तेच. कोण कोणाशी मिसळतं हे इथे जोड्याजोड्यांनी ठरतं, आणि झाडाला ते सांगता येत नाही.

यावर जुना आणि अजूनही कामाचा उपाय म्हणजे गट. एका गटात चेहरा आणि सोंड. दुसऱ्या गटात चेहरा, मान, धड, पोट. प्रत्येक गटात मऊ ब्लेंड करा, मग दोन्ही गटांतली मोठी किंमत घ्या. सोंड आणि पोट एका गटात कधीच नाहीत, म्हणून ते मिसळत नाहीत. टेकले तर कोरडी खाच पडते. चेहरा दोन्ही गटांत आहे, त्यामुळे तो दोघांशी मिसळतो.

इथे एक धोका आहे. मोठी किंमत घेताना जिथे दोन्ही गट बरोबरीत येतात तिथे पृष्ठभागावर रेघ पडू शकते. सोंडेच्या मुळाशी पहिला गट वरचढ, मानेशी दुसरा. मग चेहऱ्यावर मध्येच कुठेतरी बरोबरी होणारच. पण सोंडेचा प्रभाव आणि मानेचा प्रभाव चेहऱ्यावर एकमेकांना शिवत नसतील, तर मधल्या पट्ट्यात दोन्ही गटांची किंमत निव्वळ चेहऱ्याचीच असते, तंतोतंत सारखी, आणि रेघ पडायला जागाच उरत नाही. दोन प्रभाव शिवले की रेघ दिसते. पुन्हा तेच: दिसणारा पृष्ठभाग सुधारायचा तर न दिसणाऱ्या त्रिज्या सांभाळा. माझ्या टूलमध्ये निवडलेल्या आकाराचा प्रभाव फिकट कवचासारखा दाखवायची सोय ठेवलीय आणि शिकणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. तुम्हीही ठेवा.

याहून पुढची पायरी २०१३ मध्ये ऑलिव्हिए गूर्मेल आणि सहकाऱ्यांनी मांडली. त्यांचा जोड फक्त दोन फील्डच्या किमती बघत नाही, त्यांच्या ग्रेडियंटमधला कोनही बघतो. सोंड चेहऱ्यातून निघते तिथे दोन पृष्ठभाग साधारण काटकोनात भेटतात: ब्लेंड करा. सोंडेचं टोक पोटासमोर येतं तिथे ग्रेडियंट परस्परविरुद्ध असतात: ब्लेंड नको, नुसतं टेकू द्या. दोन आकार एकाच दिशेने एकमेकांत दडलेले असतात तिथेही ब्लेंड नको, म्हणजे फुगवटा येत नाही. वापरणाऱ्याला गट सांगावे लागत नाहीत, भूमितीच सांगते. हे सगळ्यात देखणं उत्तर आहे असं माझं मत आहे. पण प्रत्येक बिंदूवर ग्रेडियंटही लागतो, म्हणून खर्च वाढतो. आणि आकार वाकवलेले, पिळलेले असतील तर तो ग्रेडियंट बरोबर बदलून घ्यावा लागतो. आधी गट करा, टूल स्थिरावलं की याकडे या.

सोंडेबद्दल अजून एक. चाळीस गोळ्यांची माळ करून सोंड केलीत तर ती गाठाळ दिसणार. गोळे वाढवलेत तर गाठी जातील, पण बेरीज वाढून सोंड जाड होईल. इथे गोळे नकोत, रेषाखंड किंवा वक्र हवा. अंतर वक्रापासून मोजायचं, सूत्र तेच. एका वक्राने चाळीस गोळ्यांचं काम होतं, आणि ओढायला चारपाच नियंत्रणबिंदू पुरतात. फक्त वळणाच्या आतल्या बाजूला लक्ष द्या. सोंड आत वळते तिथे काही बिंदूंना वक्रावरचे दोन भाग सारख्याच अंतरावर पडतात, आणि तिथे अंतराच्या फील्डला धार येते. जूल्स ब्लूमेंथाल आणि केन शूमेक यांनी १९९१ मध्ये कन्व्होल्यूशन सरफेस आणले ते याच्यावरच. वक्रावरच्या सगळ्या बिंदूंचा प्रभाव जोडून घ्यायचा, निव्वळ जवळच्या बिंदूचा नाही. मग धार जाते, आणि एक रेषाखंड दोन तुकड्यांत तोडला तरी बेरीज तीच राहते, सांध्यावर गाठ येत नाही. अरुंद वळणं असतील तर हे करा, नाहीतर साधं अंतर पुरतं.

आता अडखळणं. तुमच्या ग्रिडमध्ये २०,९७,१५२ बिंदू आहेत. प्रत्येकावर दोनशे गोळे मोजलेत तर एका चित्राला सुमारे ४२ कोटी मोजण्या. माउस हलला की पुन्हा ४२ कोटी. पण पृष्ठभाग ग्रिडमधल्या पन्नास हजारांच्या आसपास घनांमधूनच जातो. बाकी सगळे पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर. आणि प्रभाव मर्यादित असल्यामुळे एका बिंदूला सरासरी दहाएक गोळेच शिवतात. म्हणजे खरं काम पाचएक लाखांचं आहे. उरलेलं सगळं, शून्य येणार हे माहीत असताना केलेलं गणित आहे.

करायचं असं. जागेचे मोठे खण पाडा, समजा आठ-आठ घनांचे, आणि प्रत्येक खणात त्याला शिवणाऱ्या आकारांची यादी ठेवा. यादी रिकामी असेल तर तो खण बघायचाच नाही. आकारांचा प्रभाव ज्या खणांना शिवतो, पण पृष्ठभाग ज्यांच्यातून जात नाही, त्यांच्यासाठी इंटर्व्हल अंकगणित वापरा. खणातल्या फील्डची किमान आणि कमाल मर्यादा काढायची, ०.५ त्या मर्यादांच्या बाहेर असेल तर अख्खा खण सोडून द्यायचा. टॉम डफ यांनी १९९२ मध्ये हे दाखवलं, आणि मॅट कीटर यांनी २०२० मध्ये त्याच कल्पनेवर ग्राफिक्स कार्डवर फार मोठ्या सूत्रांचे आकार चालवून दाखवले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. माउसने एक गोळा हलवला तर काय बदललं? त्याच्या जुन्या प्रभावाची पेटी आणि नव्या प्रभावाची पेटी, बस. तेवढेच खण खराब म्हणून खूण करा, तेवढेच पुन्हा मोजा, तेवढ्यांचेच त्रिकोण बदला. मेश एकसंध न ठेवता खणागणिक वेगळी ठेवलीत तर हे आपोआप होतं. गाऊसियन असतं तर हे शक्यच नव्हतं, कारण तिथे एक गोळा हलला की सगळीकडे थोडंथोडं बदलतं.

तिसरी म्हणजे साठवण. सोंड ओढली जात असते तेव्हा पोट, पाय, कान स्थिर असतात. झाडाची ती फांदी दर वेळी नव्याने का मोजायची? तिचं फील्ड एकदा ग्रिडमध्ये साठवा आणि ओढताना तिथून वाचा. रायन श्मिट, वायविल आणि गालाँ यांनी २००५ मध्ये झाडाच्या फांद्यांवर असे साठे ठेवून संवादी वेग मिळवला, आणि त्याच वर्षीचं शेपशॉप हे रेखाटनातून मॉडेल घडवणारं टूल त्याच पायावर उभं होतं. साठा वाचताना एक पथ्य पाळा. शेजारच्या आठ बिंदूंमधून सरळ रेषेत किंमत काढलीत, तर किंमत बरी येते पण ग्रेडियंट घनाच्या भिंतीवर तुटतो. पृष्ठभाग गुळगुळीत असूनही चकाकीत चौकडा दिसतो. दिसणाऱ्या पृष्ठभागाजवळ एक घात वरचं इंटरपोलेशन घ्या, नाहीतर नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा, जिच्यावर चकाकी ठरते) मूळ सूत्रावरून काढा.

ब्राउझर असल्यामुळे हे सगळं गणित वेब वर्करमध्ये, म्हणजे पडद्यामागे वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवा. वेबजीपीयू (ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायची सोय) हाताशी असेल तर खण मोजण्याचं काम तिथे सुंदर बसतं, कारण प्रत्येक खण स्वतंत्र आहे. ओढताना जाडी ग्रिड आणि बटण सोडल्यावर बारीक ग्रिड ही जुनी युक्तीही ठेवा. मात्र जाड्या आणि बारीक ग्रिडमध्ये आकार उडी मारताना दिसायला नको. त्यासाठी कडेवरचा बिंदू एका सरळ रेषेच्या अंदाजावर सोडू नका. दोनतीन फेऱ्या करून ०.५ च्या जागी नीट बसवा. खर्च नगण्य, पण डोळ्याला फरक लगेच कळतो.

मार्चिंग क्यूब्ज १९८७ मध्ये विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये मांडलं, वैद्यकीय स्कॅनमधून पृष्ठभाग काढायला. घनाचे आठ कोपरे आत की बाहेर याच्या २५६ शक्यता सममितीने १५ वर आणून त्यांचा तक्ता केला, आणि त्यातच एक दोष राहिला: घनाच्या एका बाजूवर समोरासमोरचे कोपरे आत आणि उरलेले बाहेर असतील तर जोडणी दोन प्रकारे होऊ शकते. शेजारच्या घनाने दुसरा प्रकार निवडला की मेशमध्ये भोक पडतं. इंटरनेटवरून उचललेला तक्ता असेल तर आधी हे तपासा. दुरुस्त तक्ते आता सहज मिळतात. ते नको असेल तर घनाचे चतुष्फलक करून तेच काम करता येतं, त्रिकोण मात्र वाढतात. सोंडेखालची कोरडी खाच तुम्हाला धारदार हवी असेल तर मार्चिंग क्यूब्ज ती बोथट करणारच, कारण ते बिंदू फक्त कडांवर ठेवतं. तिथे ताओ जू आणि सहकाऱ्यांचं २००२ चं ड्युअल कंटूरिंग घ्या. ते कडांवरचे नॉर्मल वापरून बिंदू घनाच्या आत, धारेवर बसवतं. आणि काहीही वापरलंत तरी प्रकाशासाठी नॉर्मल त्रिकोणांवरून काढू नका, फील्डच्या ग्रेडियंटवरून काढा. जाड्या ग्रिडवरही आकार गुळगुळीत दिसतो.

मेश अजिबात न करता थेट किरण टाकून दाखवण्याचा रस्ताही आहे. जॉन हार्ट यांचं १९९६ चं स्फिअर ट्रेसिंग आणि त्यावर इन्यिगो किलेझ यांनी लोकप्रिय केलेला स्मूथ मिन (दोन अंतरांतलं लहान अंतर मऊपणे निवडणारं सूत्र) यांमुळे आज शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिणारे बहुतेक जण याच वाटेने या विषयात येतात. तिथे फील्ड म्हणजे पृष्ठभागापर्यंतचं अंतर. दोन अंतरांतला फरक आपण ठरवलेल्या 'क' पेक्षा कमी असेल तेवढ्यातच ब्लेंड होतं, आणि प्रचलित द्विघाती सूत्रात दोन गोळे बरोबर 'क' च्या निम्म्या अंतरावरून जोडले जातात. हे अंदाजायला फार सोपं आहे. पण ब्लेंड केल्यावर, ताणल्यावर, पिळल्यावर ते फील्ड खरं अंतर उरत नाही. किरणाची पावलं लांब पडली तर आकारात भोकं दिसतात, आखूड ठेवली तर वेग जातो. शिवाय हा स्मूथ मिन क्रमावर अवलंबून आहे: तीन आकार वेगळ्या क्रमाने जोडलेत तर आकार थोडा बदलतो, आणि यादीत खालीवर केल्यावर मॉडेल हललं की वापरणारा गोंधळतो. तुमच्याकडे चालू मेश आहे, तीच ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण टूल वापरण्याजोगं होणं तिच्यावर आहे. वापरणाऱ्याला गोळे हलवायचे नसतात, पृष्ठभाग हलवायचा असतो. पोटावर बोट ठेवून ते पुढे ओढावं आणि पोट यावं, एवढीच त्याची अपेक्षा. अँड्र्यू विटकिन आणि पॉल हेकबर्ट यांनी १९९४ मध्ये हे सोडवलं. पकडलेला बिंदू हलल्यावरही पृष्ठभागावरच राहायला हवा, हे एक समीकरण. गोळ्यांची केंद्रं आणि त्रिज्या हे अज्ञात. समीकरण एक आणि अज्ञात अनेक, म्हणून सगळ्यांत मिळून कमीत कमी बदल करणारं उत्तर निवडायचं. व्यवहारात याचा अर्थ असा, की पकडलेल्या बिंदूवर ज्या गोळ्याचा प्रभाव जास्त तो जास्त हलतो, ज्याचा प्रभाव तिथे शून्य तो हलतच नाही. प्रभाव मर्यादित असल्याचा फायदा इथेही आहे: पोट ओढताना कान जागचे हलत नाहीत. पन्नासएक ओळींचं काम आहे, जरूर करा.

याच्या पलीकडे आणखी एक घराणं आहे. त्यात गोळे नसतातच. पृष्ठभागावरचे बिंदू दिले की त्यांतून जाणारा सर्वात गुळगुळीत पृष्ठभाग निघतो. ग्रेग टर्क आणि जेम्स ओब्रायन यांनी १९९९ मध्ये हे पुढे आणलं. २००२ मध्ये ओल्गा कार्पेंको, जॉन ह्यूज आणि रमेश रासकर यांनी त्यावर रेखाटनातून आकार घडवून दाखवले. हे रासकर म्हणजे नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले. आकार अप्रतिम गुळगुळीत येतात. पण तिथला प्रभाव अंतराबरोबर वाढतो, म्हणून एक बिंदू हलला की सगळ्यांचं समीकरण पुन्हा. हजार बिंदूंचा मॅट्रिक्स दहा लाख आकड्यांचा, दहा हजारांचा दहा कोटींचा, म्हणजे ८०० मेगाबाइट. न्यूझीलंडमधल्या गटाने २००१ मध्ये यासाठी जलद पद्धती दाखवल्या आणि आज खाणींमधले खनिजांचे थर तशा पद्धतीने मॉडेल करतात. तिथे बिंदू स्थिर असतात, म्हणून ते जमतं. क्षणोक्षणी ओढायच्या टूलमध्ये, शेदोनशे बिंदूंच्या पुढे, याच्या वाटेला जाऊ नका.

मेशवर कधी जायचं? मुकुटावरची नक्षी, दागिन्यांचे मणी, सोवळ्याच्या चुण्या आल्या की. मूर्ती २० सेंटीमीटरची धरली तर तुमच्या ग्रिडचा एक घन सुमारे १.६ मिलिमीटरचा होतो. अर्ध्या मिलिमीटरची रेघ त्यात मावणारच नाही, आणि तेवढ्यासाठी ग्रिड चौपट बारीक केलीत तर बिंदू चौसष्टपट होतात. म्हणून अंगलट, बसण, सोंडेचं वळण हे इम्प्लिसिटमध्ये करा आणि ते पक्कं झालं की मेश काढून नक्षी तिच्यावर करा. तोवर साठवायचं ते झाड, मेश नाही. दोनशे गोळे, प्रत्येकाचे चारपाच आकडे, म्हणजे सगळं मॉडेल चारएक किलोबाइट. अनडूसाठी प्रत्येक पायरी अख्खी ठेवलीत तरी मेमरीला कळणार नाही.

थ्रीडी प्रिंटसाठी मेश काढणार असाल तर इम्प्लिसिटचा मोठा फायदा असा, की पृष्ठभाग स्वतःलाच कापत नाही आणि बंद असतो. फक्त तक्ता वर सांगितल्याप्रमाणे दुरुस्त हवा, आणि ग्रिडच्या सहाही बाजूंना एक थर मोकळा हवा. कुठल्याही आकाराचा पृष्ठभाग ग्रिडच्या भिंतीला लागला तर तिथे मेश उघडी राहते, आणि स्लायसर (प्रिंटसाठी मेशचे थर पाडणारा प्रोग्रॅम) नेमकं तेच भोक पकडून बसतो.